आईच्या गुडघ्यामागे पाण्याची गाठ: पाणी काढावं की राहू द्यावं?

प्रतापनगरची_रेवा

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६३. डाव्या गुडघ्याच्या मागच्या खळग्यात गाठ आली आहे. पाय सरळ ताणला की कडक लागते, वाकवला की जवळजवळ नाहीशी होते. दुखणं फार नाही, पण जिना उतरताना मागे ओढ बसते आणि उकिडवं तर बसताच येत नाही. मी आधी म्हटलं, शीर चढली असेल. मग सोनोग्राफी केली. रिपोर्टात 'बेकर्स सिस्ट', ४ सेंटिमीटरच्या आसपास, 'सांध्यातही थोडं पाणी', रक्तवाहिन्या नॉर्मल.

एका डॉक्टरांचं म्हणणं, सुईनं पाणी काढून टाकू, दहा मिनिटांचं काम. दुसरे म्हणाले, गाठीला हात लावायचा नाही, आधी गुडघ्याचा एक्सरे काढा, व्यायाम सुरू करा. आई पहिल्यांच्या बाजूनं आहे, कारण आमच्याकडे महालक्ष्म्या असतात आणि तिला त्याआधी पाय मोकळा हवाय. बाबा दुसऱ्यांच्या बाजूनं, कारण त्यांना सुई बघवत नाही. मी मध्ये.

आईला शुगर आहे, गोळ्यांवर. कुणाच्या घरी हे झालंय का? पाणी काढल्यावर परत भरतं का? आणि मुळात हे पाणी येतं कुठून?

---

वऱ्हाडी_बाप्पू

कायले घाबरता जी? आमच्या मायलेबी होती अशीच गाठ. निरगुडीचा पाला गरम करून बांधा, मोहाच्या तेलानं रोज रात्री चांगली दाबून मालिश करा. पाणी आपोआप जिरते.

---

नंदनवनचा_नंदू

रेवाताई, मी यातून गेलोय म्हणून लिहितो. माझं वय आईंपेक्षा बरंच कमी, पण गाठ तीच. कबड्डी खेळायचो. एकदा पकडीत गुडघा पिरगळला, सूज आली, उतरली, विसरलो. काही महिन्यांनी मागे गोळा.

मीही पाणी काढून घेतलं. भूल दिली, सुई घातली, पांढऱ्या सिरिंजमध्ये पिवळट पाणी यायला लागलं. पाण्यासारखं पातळ नव्हतं बरं का, ट्रेमध्ये सोडताना त्याची तार सुटत होती. लगेच हलकं वाटलं. घरी येताना बर्डीवर थांबून तर्री पोहे खाल्ले, इतका खूश होतो. आणि मग परत भरलं. परत काढलं, परत भरलं.

शेवटी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. गुडघ्याच्या हाडांमधली आतल्या बाजूची गादी मागच्या टोकाला चिरलेली निघाली. दुर्बिणीतून तिचं काम केलं, मागच्या गाठीला कुणी हातही लावला नाही. ती पुढच्या काही महिन्यांत आपोआप बसली.

---

धंतोलीकर

सगळ्यांना एमआरआय करायला लावायचा हा धंदा झालाय. आमच्या भागात एका रस्त्यावर जितकी हॉस्पिटलं आहेत तितकी पानाची दुकानं नाहीत. साधी पाण्याची गाठ. काढून टाकायची, मोकळं व्हायचं. पाणी कशाला, पिशवीच काढा म्हणजे परत भरायला जागाच नको.

---

सोनोवाली

नागपुरातच सोनोग्राफी करते, या गाठी नेहमी बघते. रेवा, तुझा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

गुडघ्याच्या सांध्यात वंगण म्हणून थोडंसं पाणी प्रत्येकाच्याच असतं. सांध्याच्या मागे, आतल्या बाजूला, पोटरीचा एक स्नायू आणि मांडीच्या मागचा एक स्नायू यांच्यामध्ये एक छोटी पिशवी असते, स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून. बऱ्याच मोठ्या माणसांमध्ये ही पिशवी आणि सांधा यांच्यात एक बारीकशी फट असते. आता सांध्यात काही बिघडलं (झीज, फाटलेली गादी, संधिवात, गाउट) तर सांधा जास्त पाणी तयार करतो. आतला दाब वाढतो आणि ते पाणी फटीतून मागच्या पिशवीत जातं. फट काम करते सायकलच्या ट्यूबच्या व्हॉलसारखं: जाताना सहज जातं, परत येत नाही. म्हणून पिशवी फुगते.

पाय सरळ केला की दोन्ही स्नायू ताणले जातात, पिशवी त्यांच्यात आवळली जाते, गाठ कडक लागते. वाकवला की सैल पडते. तुझ्या आईचं नेमकं तेच वर्णन आहे.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधले सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये हे लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. त्यांनीही हेच ओळखलं होतं की पाणी सांध्यातून मागे येतंय. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी त्याच्याही आधी, १८४० मध्ये, अशा गाठीचं वर्णन केलं होतं, पण नाव बेकरचं चिकटलं.

आता धंतोलीकर काका, तुमचा मुद्दा. पिशवी काढून टाकता येते, अशी ऑपरेशनं होतात. पण सांधा पाणी बनवतच राहिला तर ते पुन्हा त्याच वाटेनं येतं, त्यामुळे नुसती पिशवी काढल्यावर गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच आहे. शिवाय त्या खळग्यातूनच पायाची मुख्य धमनी, शीर आणि नस जाते. म्हणून हल्ली गरज पडलीच तर दुर्बिणीतून आतलं कारण दुरुस्त करतात, कधी ती फट मोठी करतात म्हणजे पाणी अडकून राहत नाही.

एमआरआयबद्दल मात्र तुमच्याशी अर्धी सहमत. ६३ वर्षांच्या बाईंना, गुडघा अडकत नसेल, मार लागलेला नसेल, तर आधी उभं राहून काढलेला साधा एक्सरे पुरतो. उभं राहून, हे विसरू नका. झोपून काढला की सांध्यातल्या दोन हाडांमधली फट (वरची पाण्याची वाट नव्हे) आहे त्यापेक्षा मोठी दिसते. नंदूसारखा तरुण, पिरगळलेला गुडघा असेल तर एमआरआय हवाच.

---

आजीची_काठी

@सोनोवाली, छान समजावलंस बाळा.

माझी गाठ संधिवाताची होती, म्हाताऱ्यांच्या झिजेचा नव्हे, दुसरा. सकाळी उठलं की बोटं तासभर वळत नसत, दोन्ही मनगटं सुजलेली. सगळे गुडघ्याकडेच बघत होते. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं. औषध सुरू झालं, सांध्यांची सूज उतरली तशी मागची गाठही उतरली.

जाता जाता एक सांगते. त्यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आमच्या ओळखीत एकीनं रोज घेतलं आणि तोंड सोलून दवाखान्यात भरती झाली. घरातल्यांनी वार लिहून ठेवावा.

---

अस्मि_फिजिओ

वाचतेय. रेवा, एक्सरे झाला की कळव, मग व्यायामाचं लिहिते. तोपर्यंत उकिडवं बसणं, मांडी घालणं, वज्रासन बंद. कमोड असेल तर तोच.

---

धंतोलीकर

आला का कमोड? आमच्या आजीनं नव्वदीपर्यंत देशी पद्धतच वापरली, गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत.

---

सक्करदरा_एक्सप्रेस

काका, आजी नव्वदीपर्यंत पायी आठवडी बाजारात जात होत्या. तुम्ही पानाच्या दुकानापर्यंत स्कूटर काढता. 😄

---

वऱ्हाडी_बाप्पू

😂😂 हे बरोबर बोलली पोट्टी.

---

गोंदियाकर

बाप्पू, तुमच्या मालिशीवर लिहायलाच पाहिजे, नाहीतर कुणी खरंच करेल.

मलाही ही गाठ होती, वर्षभर. त्रास नव्हता म्हणून दुर्लक्ष. रेल्वेतून उतरताना पायरीवर जोर पडला आणि पोटरीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. पोटरीत गरम काहीतरी खाली सरकतंय असं वाटलं. रात्रीपर्यंत पोटरी टम्म, लाल, हात लावू देईना. शेजारचे एक काका तेल घेऊन आले, 'शीर दबली आहे, मोकळी करून देतो'. बायकोनं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

दवाखान्यात पहिला संशय रक्ताच्या गुठळीचा. डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केला. पोटावर झोपवलं, जेल लावलं आणि डॉक्टर त्या यंत्राच्या टोकानं शिरेवर ठिकठिकाणी दाबत खाली गेले. शीर दाबली की पूर्ण चपटी होत होती, म्हणजे आत गुठळी नाही. गाठ मात्र फुटून सगळं पाणी पोटरीच्या स्नायूंमध्ये पसरलेलं. काही दिवसांनी घोट्याच्या हाडाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा निळा-काळा डाग उमटला. डॉक्टरांनी तो बघून मान डोलावली, म्हणे हा फुटलेल्या गाठीचाच.

उपचार काही खास नाही: पाय उंच ठेवून आराम, बर्फ, पॅरासिटामॉल. हळूहळू ओसरलं.

---

सोनोवाली

गोंदियाकरांचा अनुभव सगळ्यांनी दोनदा वाचा.

फुटलेली गाठ आणि शिरेतली गुठळी बाहेरून सारख्याच दिसतात. पोटरी सुजते, दुखते, लाल होते. हात लावून ओळखणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही, डॉप्लर लागतो. दोन्हीचे उपचार उलटे आहेत. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध तातडीनं हवं. नुसती गाठ फुटली असताना तेच औषध दिलं तर पोटरीत रक्तस्राव होऊन दाब वाढू शकतो. आणि कधीकधी दोन्ही एकत्रही असतात, कारण मोठी गाठ शेजारच्या शिरेला दाबते.

त्यामुळे अचानक सुजलेल्या पोटरीला कुणीही चोळायचं नाही. गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नुकतंच ऑपरेशन झालंय, लांबचा प्रवास झालाय, बाळंतपण झालंय, कॅन्सर आहे, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, अशांनी तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर दाखवायची वाट न बघता १०८ ला फोन.

बाप्पू, निरगुडीचा पाला बांधायला माझी ना नाही. दाबून मालिश नको.

---

वऱ्हाडी_बाप्पू

बरं जी डॉक्टरीणबाई. पाला बांधतो, तेल दिव्यात घालतो. पण मायची गाठ तर जिरली होती ना?

---

सोनोवाली

जिरली असेल. पुष्कळांच्या आपोआप कमी होतात, तेल लावा न लावा. 🙂

---

इतवारीची_सून

थोडं विषयांतर. माझा मुलगा सहा वर्षांचा. आंघोळ घालताना त्याच्या गुडघ्यामागे मऊ गोळा हाताला लागला. दुखत नाही, पळतो, उड्या मारतो. सासूबाई म्हणतात नजर लागली. मला रात्री झोप नाही. त्याच्या गुडघ्यात पण झीज??

---

सोनोवाली

नाही गं. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ही पिशवी बहुतेक वेळा आपली आपणच फुगते, सांध्यात काही बिघाड नसतो. एकदा सोनोग्राफी करून आत फक्त पाणीच आहे याची खात्री करून घे, कारण गाठ भरीव असेल तर मात्र पुढचा तपास लागतो. पाणीच निघालं तर काही करायचं नाही. सुई नको, ऑपरेशन नको. वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा, बहुतेक मुलांची जाते. मोठी होत गेली, दुखायला लागली, मूल लंगडायला लागलं तर परत दाखव.

---

इतवारीची_सून

देव तुमचं भलं करो. उद्याच करते.

---

लता_काकू

रेवा, मी महालक्ष्म्यांकडे येते. आमच्याकडे पण असतात, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, सगळं साग्रसंगीत. माझे दोन्ही गुडघे झिजलेत. मी काय केलं ते सांगते. विळी बंद. सगळ्या भाज्या डायनिंग टेबलावर सुरीनं. पुरण यंत्रावर ओट्याशी उभं राहून वाटायचं, आणि ओट्याजवळ एक उंच स्टूल. पूजेलाही खुर्ची. देवी काही पाटावर बसलीस का असं विचारत नाही.

---

धंतोलीकर

विळीवर चिरलेल्या भाजीची चव सुरीला येत नाही, हे मी लिहून देतो.

---

लता_काकू

मग तुम्ही बसा हो विळीवर. सोळा भाज्या आहेत, घर प्रतापनगरला आहे, रेवा पत्ता देईल.

---

सक्करदरा_एक्सप्रेस

+१०० काकू

---

संपादक

विळी विरुद्ध सुरी यासाठी वेगळा धागा काढावा. तसेच काही सदस्य डॉक्टरांची नावं आणि फोन नंबर विचारत आहेत. ते धाग्यावर नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. दवाखान्यांची नावं घेऊन तक्रारीही नकोत.

---

प्रतापनगरची_रेवा

सगळ्यांचे आभार. उभं राहून एक्सरे काढला. आतल्या बाजूची हाडांमधली फट कमी झाली आहे, हाडाला बारीक काटे आलेत. मध्यम झीज म्हणाले. गादीचं विचारलं तर म्हणाले, या वयात गादीला चिरा असतातच, गुडघा अडकत नाहीये तोवर त्यामागे लागायचं नाही.

आई अजून सुईवरच अडून आहे. म्हणते, सण झाल्यावर काय तो व्यायाम करीन. सुईबरोबर स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात म्हणे. शुगर असताना चालतं का?

---

सोनोवाली

चालतं, पण आधीपासून ठरवून. पाणी काढायचंच असेल तर सोनोग्राफीत बघत काढावं, म्हणजे सुई रक्तवाहिनीपासून लांब राहते. नुसतं पाणी काढलं तर लवकर भरतं. सांध्यात स्टिरॉइड दिलं तर आतली सूज कमी होते आणि त्यामुळे गाठही काही काळ लहान राहते. पण त्यानंतर काही दिवस शुगर चढते, कधी चांगलीच. म्हणून आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारून, नंतरचे दिवस घरी मोजत राहायचं. शुगर आधीच वर असेल तर आधी ती खाली आणायची.

आणि काढलेलं पाणी गढूळ निघालं, किंवा गुडघा लाल-गरम असून ताप असेल, तर ते तपासायला पाठवायचंच. जंतुसंसर्गात स्टिरॉइड देणं चालत नाही. गाउटचे स्फटिकही त्याच पाण्यात दिसतात.

सणासाठी घाई म्हणून करायची ही गोष्ट नाही, एवढंच माझं मत. आईंना दुखत फार नाहीये ना.

---

अस्मि_फिजिओ

आला एक्सरे, आता माझं काम.

रेवा, पाण्याचा नळ सांध्यात आहे हे वर आलंच आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि झिजेचं दुखणं कमी होतं. आईंना पलंगावर पाय लांब करून बसव. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेव. गुडघ्यानं ती खाली दाबायची, ५ सेकंद धरायचं, सोडायचं. १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दाबताना मांडीवर हात ठेवायला सांग, स्नायू आवळला गेला पाहिजे. श्वास रोखायचा नाही. हे जमलं की पाठीवर झोपून, दुसरा पाय वाकवून, दुखरा पाय सरळ ठेवून पलंगापासून वीतभर उचलायचा. त्यातही ५ सेकंद.

मांडीचा मागचा स्नायू ताणायचा व्यायाम सगळे पहिल्याच दिवशी उत्साहानं करतात. तो हलका करा. गाठ फुगलेली असताना पाय जोरात सरळ ताणला की मागे कळ येते आणि मग म्हणतात व्यायामानं वाढलं.

नी-कॅप घालायची तर घट्ट नको. गुडघ्यामागे आवळली की पाऊल सुजतं. रात्री काढून ठेवायची. चालणं बंद करू नका, सपाटीवर थोडं थोडं. अंबाझरीच्या बागेत उतार-चढ आहेत ते सध्या नको.

वजनाचं कुणी लिहिलं नाही. अभ्यासात दिसलंय की वजन १ किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ ४ किलोंनी हलका होतो. २-३ किलोंनीसुद्धा फरक पडतो.

---

नंदनवनचा_नंदू

अस्मिताईंच्या टॉवेलला अनुमोदन. ऑपरेशननंतर मलाही तोच दिला होता. कंटाळवाणा आहे, पण जिना त्यानंच जमला.

---

धंतोलीकर

आणि दुखलं तर गोळी घ्यायची की नाही? की त्यालाही टॉवेल?

---

अस्मि_फिजिओ

गोळीचं डॉक्टरच सांगतील, पण सूज उतरवणाऱ्या पेनकिलर मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून महिनोन्महिने खाऊ नका, हे तरी मी सांगू शकते. शुगर, बीपी असलेल्यांच्या किडनीवर येतं, पोटात अल्सर होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. लावायचा जेल बरा, गुडघ्याला चालतो.

---

वऱ्हाडी_बाप्पू

काल मारबतीची मिरवणूक पाहाले गेलतो महाल भागात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडताना मी हळूच 'गुडघ्याची गाठ घेऊन जा गे मारबत' पण म्हणून दिलं. रेवाच्या मायसाठी. गर्दीत दोन-तीन म्हातारे लगेच माझ्या सुरात सूर मिसळून ओरडाले लागले.

---

लता_काकू

😂 बाप्पू, एवढ्या गर्दीत उभे राहिलात म्हणजे तुमचे गुडघे चांगले आहेत!

---

घाटरोडचा_सायकलवाला

इथे उशिरा आलो. मला लहान गाठ आहे, सोनोग्राफीत २ सेंमी. दुखत नाही, सकाळी सायकल चालवतो, गोरेवाड्याकडे. बंद करावी का?

---

अस्मि_फिजिओ

न दुखणारी गाठ असताना सायकल बंद करायचं कारण नाही. सीट मात्र बघा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघा फार वाकतो, फार वर असेल तर मागे ताण येतो. चढावर जड गिअरमध्ये रेटू नका. फेरीनंतर गुडघा सुजत असेल तर अंतर कमी करा आणि सूज का येते ते शोधा.

---

प्रतापनगरची_रेवा

महालक्ष्म्या झाल्या. उशीर झाला लिहायला, माफ करा.

सुई झाली नाही. शुगर वर निघाली, त्यामुळे डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं आणि आईपुढे इलाज उरला नाही. टॉवेलचा व्यायाम करते आहे, कुरकुरत का होईना. स्वयंपाकघरात लता काकूंची पद्धत लावली. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, बाबा सुरीनं भेंडी चिरत होते, तीही सोळा भाज्यांत जाईल इतकीच, आणि त्यांना घाम फुटला होता. विसर्जनाच्या दिवशी आई मला न सांगता एकदा खाली बसलीच. उठवायला दोघं लागले. दुसऱ्या दिवशी मागे ठणकत होतं, बर्फानं उतरलं.

गाठ आहे तिथेच आहे. जिना उतरताना ओढ बसत नाही, असं आई स्वतः म्हणाली.

---

धंतोलीकर

म्हणजे गाठ गेलीच नाही!

---

सोनोवाली

काका, जायलाच पाहिजे असं नाही. दुसऱ्याच कारणासाठी गुडघ्याची सोनोग्राफी करताना कितीतरी जणांमध्ये ही दिसते, त्यांना पत्ताही नसतो. पुढे झीज वाढून गुडघा बदलायची वेळ आली तरी ही गाठ सहसा वेगळी काढत नाहीत, सांध्यातला त्रास थांबला की बहुतेकांची लहान होते किंवा त्रास द्यायची थांबते.

रेवा, शुगर आटोक्यात आली आणि तरीही दुखत असेल तर इंजेक्शनचा विचार तेव्हा कर.

---

मानेवाड्याचा_मोहन

सगळा धागा वाचला. माझ्या सासऱ्यांना पण हेच आहे, वय ७१. उजव्या गुडघ्यामागे गोळा. ओळखीचे एक कंपाउंडर उद्या घरी येऊन पाणी काढून देतो म्हणाले. एकच फरक वाटला म्हणून विचारतो. इथे सगळे म्हणून राहिले की पाय वाकवला की गाठ सैल होते. यांची होत नाही. आणि बोट ठेवलं की आत उडते, नाडीसारखी.

---

सोनोवाली

मोहन, त्यात सुई घालू देऊ नका. कुणालाही. कंपाउंडरला आत्ताच फोन करून नको म्हणा.

उडणारी गाठ धमनीचा फुगा असू शकते. गुडघ्यामागच्या मुख्य धमनीची भिंत कमजोर होऊन फुगते, उतारवयातल्या पुरुषांमध्ये आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये जास्त. त्यात सुई गेली तर काय होईल ते सांगायला नको. आत रक्त गोठून ते पायात अडकलं तर पाय जाऊ शकतो. आजच डॉप्लर करून घ्या आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा. फुगा निघाला तर दुसरा गुडघा आणि पोटातली महाधमनी पण बघायला सांगा, कारण तिथेही असू शकतो. पाऊल थंड किंवा पांढरं पडलंय का? बोटं बधिर आहेत का? ओढतात का ते?

---

मानेवाड्याचा_मोहन

बिडी ओढतात, चाळीस-एक वर्षांपासून. पाऊल गरम आहे, रंग ठीक आहे, बोटं हलवतात. कंपाउंडरला नाही म्हणून सांगितलं, ते रागावले.

---

सोनोवाली

रागावू द्या. पाऊल गरम आहे ते चांगलं. थंड पडलं, दुखायला लागलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत. जायच्या आधी माझा व्यनि बघा, कुठे काय विचारायचं ते लिहिलंय.

---

मानेवाड्याचा_मोहन

वाचला. गाडी काढून राहिलो.